धाकट्यानं आधी उचलायचं

कोकिळानं पेनाचं टोपण काढलं, कागदावर नजर टाकली आणि टोपण परत लावून टाकलं.

"सही नंतर करते, सर. आधी वाचते."

विज्ञान शाखेच्या भगवंतराव सरांचा हात कागद परत घ्यायला पुढे आला होता, तो तसाच टेबलावर राहिला. या बैठकीत कागद वाचायची पद्धत नव्हती. तो आधीच टाइप होऊन यायचा, सह्या व्हायच्या, चहा यायचा, आणि संस्थेचे अध्यक्ष रामराव डुलकी अर्धवट सोडून उठायचे. एवढंच काय ते कामकाज.

"वाचण्यासारखं काही नाही मॅडम त्यात. दरवर्षीचंच आहे."

दरवर्षीचंच होतं, तेच तर दुखणं होतं. चिखलीच्या या कॉलेजात पीएच.डी. करणाऱ्या मुलांसाठी संस्थेचा एक ट्रस्ट होता. त्यातून वर्षाला तीन विद्यावेतनं निघायची, प्रत्येकी महिन्याला आठ हजारांची, आणि वर साधारण एका विद्यावेतनाइतकाच साहित्यखर्च. चार सारखे तुकडे म्हणा ना. त्यांतले तीन विज्ञानाला जायचे, दोन विद्यावेतनं आणि सगळा साहित्यखर्च. उरलेलं एक विद्यावेतन कला शाखेला. बरं, विज्ञानाकडे मुलं दहा-बारा असती तर गोष्ट वेगळी. तिकडे दोन, रसायनशास्त्राचे शिवम आणि सकलैन. इकडेही दोनच, मराठीची कोकिळा आणि इतिहासाची सफा. पण असं का, हे विचारायची सोय नव्हती, कारण उत्तर तयार असायचं. विज्ञानाला काचेची भांडी लागतात, रसायनं लागतात. मराठीला काय लागतं? वही आणि पेन!

कोकिळा त्या टेबलाशी बसली होती तीसुद्धा नाइलाजानं. मराठीच्या विभागप्रमुखांची जागा तीन वर्षं रिकामी होती आणि कला शाखेतून कोणीतरी बैठकीला हवंच होतं. ती तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे अर्धी मास्तरीण आणि अर्धी विद्यार्थिनी. प्राचार्यांनी जिन्यातच गाठून सांगितलं, "जा, सही करून या." गरीब गाय म्हणून पाठवली होती तिला. गाय कोणती आणि गरीब कोण, हे पाहायला प्राचार्यांना सवड नव्हती.

ती कागद वाचत होती आणि बाहेर व्हरांड्यात सफा बसली होती. सफा देऊळघाटाहून दोन बस बदलून यायची. तिकडच्या जुन्या विहिरी आणि त्यांच्या पाण्याच्या पाळ्या हा तिचा विषय. काल लायब्ररीत पुस्तकं परत करता करता तिनं सहज सांगावं तसं सांगितलं होतं.

"कोकिळाताई, मी यंदा पीएच.डी. सोडून राह्यली."

"काऊन?"

"घरी म्हणतात, सहा महिने पैसे अन् सहा महिने नुसता बसचा पास, हे कोणतं शिक्षण? अब्बूंचं खरंच भागत नाही हो आता. दिवसाला दोन गाद्या भरायला मिळाल्या तर नशीब."

सहा महिन्यांची गोष्ट अशी की विद्यावेतन यायचं कोकिळाच्या नावावर, पण गेली दोन वर्षं त्यातले सहा महिन्यांचे पैसे ती सफाच्या हातावर ठेवायची. तिनं स्वतः कोणाला सांगितलं नव्हतं. आता तेही पुरेनासं झालं होतं. कोकिळाचंही काही वेगळं नव्हतं, तासिकेचा पगार दिवाळीचा होळीला व्हायचा. एका कोचिंग क्लासवाल्यानं तिला दिवसभराचं काम देऊ केलं होतं आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. म्हणजे या कागदावर पुन्हा एकच विद्यावेतन आलं, तर याच आठवड्यात दोघींपैकी एकीचं शिक्षण संपणार होतं. आणि कागदावर एकच होतं.

"सर, तिकडे दोन मुलं, इकडे दोन मुली. मग तीन आणि एक कसं?"

"मॅडम, प्रश्न माणसांचा नाही, विषयाचा आहे." भगवंतराव समजुतीच्या सुरात म्हणाले. माणूस वाईट नव्हता. प्रयोगशाळेतला बीकर फुटला तर स्वतःच्या खिशातून आणणारा माणूस. पण आपल्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढंच जग, अशी त्याची पक्की खात्री. "आमच्या एकेका चाचणीला खर्च आहे. तुमचं तसं नाही. तुमचं म्हणजे डोक्याचं काम."

"सही करून टाक पोरी," रामराव डोळे न उघडता म्हणाले. "पुढच्या साली पाहू."

हे 'पुढच्या साली पाहू' कोकिळानं प्राचार्यांच्या तोंडून दोनदा ऐकलं होतं, आज तिसऱ्यांदा. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इतका वेळ ती पुस्तकातलं बोलत होती, ते सगळं सुटलं आणि तिच्या गावची, जानेफळची कोकिळा बोलू लागली.

"भाऊ, एक इचारू? तुमच्या घरी वावराची वाटणी झाली, तवा वाटे कोणी पाडले होते?"

रामरावांनी एक डोळा उघडला. "मी. थोरला मीच ना."

"अन् आधी कोणी उचललं?"

"धाकट्यानं." आता दुसराही डोळा उघडला. "असंच असते बाई. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. उरला तो थोरल्याचा."

"मंग इथंच काऊन उलटं? विज्ञानाचं पीएच.डी.चं केंद्र बारा वर्षांचं, आमचं सहा. थोरले हे. वाटे पण हेच पाडतात अन् आधी उचलतात पण हेच. आमच्या तोंडाले पानं पुसता तुम्ही, अन् वरून सही मागता?"

भगवंतराव हसले. "मॅडम, हे कॉलेज आहे. जानेफळचं वावर नाही."

"वावरात तरी बरोबर होते, सर."

आणि ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. ती दहा वर्षांची असताना तिच्या बापानं, कारभारीनं, भावाशी वाटणी केली. वाटे पाडायचे म्हणून कारभारी दिवसभर दोर घेऊन उन्हात फिरला. एक खुंटी त्यानं तीनदा उपटली आणि तीनदा ठोकली. इकडे विहीर जाते तर तिकडे जमीन थोडी जास्त दे, इकडे बरड आहे तर तिकडचा आंबा इकडे धर. काका धुऱ्यावर, बांधाच्या कडेला बसून नुसता पाहत होता. संध्याकाळी काकानं विहिरीकडचा वाटा उचलला आणि कारभारीनं हूं की चूं केलं नाही. वाटे त्याचेच होते, कुरकुर करणार कोणापाशी? त्या दोघा भावांचं जेवणखाण आजही एकमेकांकडे होतं.

रामराव खुर्चीत सरळ बसले. आज कितीतरी वर्षांनी या बैठकीत त्यांना समजेल असं काहीतरी निघालं होतं.

"पोरगी बरोबर बोलून राह्यली सर. घ्या दोन चिठ्ठ्या. पाडा वाटे."

"अहो पण भाऊ..."

"काय पण? तुम्ही दोघं भाऊ, हा ट्रस्ट तुमचं वावर. पाडा."

"विद्यावेतन मोडता येत नाही. आठ हजार म्हणजे आठ हजार, ट्रस्टच्या कागदात आहे तसं."

"मंग नका मोडू. आंबा मोडतो का आपण? अख्खा इकडे, नाहीतर अख्खा तिकडे."

भगवंतरावांनी एक कोरा कागद फाडून दोन चिठ्ठ्या केल्या. बारा वर्षांच्या सवयीनं त्यांचा हात आपोआप चालला. पहिल्या चिठ्ठीवर दोन विद्यावेतनं आणि साहित्यखर्च, दुसरीवर एक विद्यावेतन. लिहून झालं आणि रामराव खो खो हसायला लागले.

"ठेवा, ठेवा, खुशाल ठेवा! आधी ही उचलणार हाय, इसरले का?"

सर कानापर्यंत लाल झाले. चिठ्ठ्या फाडून त्यांनी नव्या केल्या. आता एकीवर दोन विद्यावेतनं. दुसरीवर एक विद्यावेतन आणि सगळा साहित्यखर्च. रक्कम दोन्हीकडे जवळपास सारखी. पेन थांबलं. त्यांनी एकदा ही चिठ्ठी पुढे सरकवली, एकदा ती, आणि पहिल्यांदाच दोन्हींकडे आपल्याच असाव्यात तसं निरखून पाहिलं. ही राहिली तर रसायनं कुठून आणायची? ती राहिली तर एका मुलाचं काय?

"पण हे वाटे खरे नाहीत," ते अखेर म्हणाले. "यांना साहित्यखर्चाचा उपयोगच नाही. या डोळे मिटून दोन विद्यावेतनं उचलणार. मग मी पाडलं काय आणि न पाडलं काय!"

"कोण म्हणते उपयोग नाही?"

"तुमचा विषय बायकांची बोलीच ना?"

"निंदण-वेचणीच्या बायांची बोली."

"मग त्याला खर्च कसला?"

हे त्यांनी विचारलं ते गोष्ट संपवायला. पण विचारल्यावर त्यांच्याच लक्षात आलं की हा आकडा त्यांना खरोखर हवा आहे, त्याशिवाय वाटे सारखे झाले की नाही हे कळायचं नाही. चुकले तर चुकलेला वाटा त्यांच्याच पदरात. त्यांनी कागद पुढे ओढला.

"नाही, खरंच सांगा. किती येतो?"

भांडायची तयारी करून आली होती कोकिळा, या प्रश्नाची नव्हती केली. एवढ्या वर्षांत हे तिला गाईडनंसुद्धा विचारलं नव्हतं.

"जानेफळ, देऊळगाव, जिथं जाईन तिथली जीप," ती म्हणाली. "पण ते काही नाही. खरा खर्च रोजाचा."

"कसला रोज?"

"बाई कामावर असते, सर. तिथं माझ्याशी बोलत बसली तर मुकादम ओरडते. म्हणून एक दिवस तिले घरी थांबवा लागते. थांबली की तिचा रोज बुडते. तो मी देते."

"तुम्ही देता?"

"मंग कोण देईन? माझ्या पीएच.डी.साठी तिनं उपाशी राहायचं का?"

भगवंतरावांनी लिहिलं. "अशा किती बाया?"

"एकेचाळीस झाल्या. एकीकडे दोनदा-तीनदा जावं लागते. पयल्या दिवशी बाई पाहुण्याशी बोलते तसंच बोलते."

"आणि रेकॉर्डिंग?"

"मोबाइलवर. मागच्या वर्षी तो हौदात पडला, अकरा जणींचं बोलणं गेलं. त्यातली एक म्हातारी आता नाही."

"कॉपी ठेवायची ना दुसरीकडे!"

"त्याले लॅपटॉप लागते, सर."

पेन पुन्हा थांबलं. अकरा नमुने वाया जाणं म्हणजे काय, हे त्या माणसाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आणि हे सगळं एका विद्यावेतनात? भागवलं कसं?"

"एका नाही, अर्ध्यात. सहा महिने मी, सहा महिने सफा."

"हे मला माहीत नव्हतं," भगवंतराव हळू आवाजात म्हणाले.

"तुम्ही इचारलं नाही."

भगवंतरावांनी बेरीज केली, चिठ्ठ्यांकडे पाहिलं, पुन्हा बेरीज पाहिली. मग साहित्यखर्चाच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "उपयोग आहे. म्हणजे हे वाटे खरे आहेत." दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी टेबलाच्या मध्यावर शेजारी शेजारी मांडल्या आणि हात मागे घेतले. "उचला, मॅडम."

साहित्यखर्चाच्या चिठ्ठीत पैसा थोडा मोकळा होता. लॅपटॉप होता, जीप होती, बायांचे रोज होते, पण दोघींपैकी एकीचं शिक्षण नव्हतं. दुसरीत त्यातलं काहीच नव्हतं, पण दोघी होत्या. कोकिळाला सफाचं तोंड आठवलं. आणि मग, नको नको म्हणताना, सकलैनचंही आठवलं. विज्ञानाकडे एकच विद्यावेतन राहिलं तर ते शिवमला जाणार, तो एक वर्षानं पुढे होता. सकलैन कोरडा राहणार. तोही बाहेर व्हरांड्यातच होता. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणणारा पोरगा, मागे जानेफळला गेला तेव्हा तिच्या आईच्या हातची भाकर खाऊन आलेला. तिला फार वाईट वाटलं. पण तिनं उचलायची तीच चिठ्ठी उचलली.

"दोन विद्यावेतनं."

भगवंतरावांनी उरलेली चिठ्ठी स्वतःकडे ओढली. तिच्यावर काय आहे हे त्यांना पाठ होतं, तरी वाचली.

"मी असतो तर मीही तीच उचलली असती," ते म्हणाले.

"झालं तर मंग," रामराव उठू लागले. "पुढच्या सालीही असंच. थोरल्यानं पाडायचं, धाकट्यानं उचलायचं."

"नाही भाऊ," कोकिळा म्हणाली. "पुढच्या वर्षी वाटे आम्ही पाडू. आधी विज्ञान उचलीन. तसं लिहून घ्या कागदावर."

"अशी कशी पोरी तू?" रामराव पुन्हा बसले. "हातात आलेला हक्क कोणी असा सोडून देते का? पुढच्या साली तुझं काम संपलं असंन का?"

"नाही. अजून दोन वर्षं लागतीन."

"मंग? धाकटी तू हायेस ना!"

"आज ज्याले कमी गेलं, पुढच्या वर्षी तो धाकटा. बाहेर बसून हाय तो."

भगवंतरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग जुना टाइप केलेला कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या हातानं सगळं लिहून काढलं, पुढच्या वर्षाच्या अटीसकट. अक्षर घाईचं होतं, पण शब्द बरोबर होते. कोकिळानं ते दोनदा वाचलं आणि सही केली, मागोमाग सरांनी आणि रामरावांनीही.

ती दार लोटून बाहेर आली तेव्हा सफा उठून उभी राहिली होती. सकलैन खांबाला टेकून बिनधास्त बसला होता. त्याला काळजी करण्यासारखं कधी काही नव्हतंच.

"दोन मिळाले," कोकिळा म्हणाली. "तुले पूर्ण, मले पूर्ण."

सफानं ओढणी तोंडावर धरली. हसू होतं की रडू, तिचं तिलाच कळलं नसेल. पण पोरगी हुशार, दुसऱ्याच क्षणी तिची मान सकलैनकडे वळली. इकडे दोन म्हणजे तिकडे किती, हा हिशोब तिनं केला होता. तोवर त्यानंही केला.

"म्हणजे आमच्याकडे एकच?"

"हाव. अन् साहित्यखर्च."

"शिवम सीनियर हाय."

"हाव."

तो उठला. "वाटे कोणी पाडले?"

"सरांनी. बरोबर पाडले. उचललं मी."

"मले माहीत होतं ना ताई तुमच्याकडचं! सफा सांगते मले. पण मंग मी काय करू?" त्यानं बॅग उचलून खांद्याला लावली. "घरी काय सांगू?"

सफा खाली पाहू लागली. कोकिळाला वाटलं, दारातून परत आत जावं आणि म्हणावं, द्या ती दुसरी चिठ्ठी. वाटलं ते खरंच वाटलं. पण पाय तिनं हलवला नाही.

"मले वाईट वाटून राह्यलं सकलैन. लपवत नाही तुझ्यापासून. पण मी ते परत करणार नाही."

तो जायला वळला, तशी ती पुन्हा म्हणाली,

"शिवमशी बोल. सहा महिने तो, सहा महिने तू. जड जाते, पण होते, आम्ही दोन वर्षं केलं. अन् पुढच्या वर्षी वाटे मी पाडणार. आधी तू उचलायचं. सह्या झाल्या त्यावर."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी," सकलैन कडवटपणे म्हणाला. "तवा कोण कुठं असंन काय माहीत."

यावर कोकिळानं त्याची समजूत घातली नाही. ती पायरीवर बसली, पिशवीतून कागद काढला आणि मांडीवर ठेवला.

"एका विहिरीचं पाणी तपासायले किती खर्च येते? बाटलीपासून सांग."

"कायले सांगू आता?"

"वाटे मले पाडायचे हायेत. तू उचलून गेल्यावर राहीन तो माझा."

सकलैन तिच्याकडे पाहत राहिला. आतून रामरावांच्या हसण्याचा आवाज आला, कपबश्या वाजल्या. सफाही पायरीवर बसली, हळूच बाजूला सरकली आणि मध्ये जागा केली. तो लगेच बसला नाही. बॅग खांद्यावरून काढून खाली ठेवली, पुन्हा उचलली, मग एक पायरी सोडून खालच्या पायरीवर बसला, दोघींकडे पाठ करून.

"साध्या बाटल्या चालत नाहीत," तो समोर पाहत म्हणाला. "त्या ॲसिडनं धुवा लागतात आधी."

"किती ॲसिड?" कोकिळानं विचारलं आणि लिहायला लागली.